न दिसणारा भुसा

ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने भिवंडीकडे निघालो की कशेळीचा खाडीपूल लागतो. पूल ओलांडताच रस्त्याच्या कडेला फर्निचरची दुकाने सुरू होतात. मग काल्हेर आणि त्याच्या पुढे पूर्णा. पूर्णा हे आता गोदामांचे गाव झाले आहे. मोठ्या गोदामांच्या रांगांच्या आडोशाला लहान गाळे आहेत, आणि त्यांपैकी एका गाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तो स्वतः, तीन कारागीर, एक म्हातारे मिस्त्री आणि पाच-सहा यंत्रे. कपाटे, ऑफिसची टेबले, शाळांचे बाक असे काम तिथे चालते.

त्याचा फोन आला तो एका साध्या प्रश्नासाठी. "सर, भुसा ओढायचं मशीन घ्यायचंय. दुकानदार म्हणतो, जास्त वॅटचं घ्या, चांगलं ओढतं. किती वॅटचं घेऊ?"

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला असा प्रश्न विचारला की तो फोनवर संपत नाही. आम्ही दोघे शिक्षक एका शनिवारी दुपारी पूर्ण्याला गेलो.

गाळ्यात शिरताना जमिनीवर भुसा पडलेला दिसला. रंध्याच्या यंत्राखाली छिलप्यांचा ढीग होता, गोल करवतीच्या टेबलाखाली जाड भुसा होता. हे अपेक्षितच होते. पण आमचे लक्ष गेले ते ट्यूबलाइटवर बसलेल्या पिठासारख्या थराकडे. ट्यूबलाइट जमिनीपासून बारा-तेरा फूट उंच. तिथपर्यंत भुसा पोचला कसा?

आम्ही शटर अर्धे खाली ओढायला सांगितले, दिवे घालवले आणि सोबत नेलेली बॅटरी आडवी धरून लावली. प्रकाशाचा झोत जणू दुधातून चालला होता. त्या वेळी एकही यंत्र चालू नव्हते. जेवणाच्या सुट्टीमुळे सँडर बंद होऊन वीस मिनिटे झाली होती. आमचा विद्यार्थी झोताकडे बघत राहिला. "सर, हे रोज असतं?" एवढेच तो म्हणाला. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. अंधार, एक बॅटरी आणि झटकलेले डस्टर एवढे साहित्य पुरते. डोळ्यांना एरवी न दिसणारे कण बाजूने पडलेला प्रकाश विखुरतात आणि दिसू लागतात.

वीस मिनिटांनंतरही ही धूळ हवेत का? याचे उत्तर १८५१ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमात आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो, पण बहुधा ग्लिसरिनमधून पडणाऱ्या गोळीपुरता. हवेत पडणारा बारीक कण थोड्याच वेळात एका ठराविक वेगाने पडू लागतो आणि हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कणाची घनता पाण्याएवढी धरू. १०० मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाहून थोडा जाड, सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेगाने पडतो. टेबलापासून, म्हणजे माणसाच्या नाकाच्या थोडे खालून, समजा दीड मीटर उंचीवरून तो पाच सेकंदांत जमिनीवर येतो. व्यास दहापट कमी केला तर वेग शंभरपट कमी होतो. १० मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला आठ मिनिटे लागतात. आणि १ मायक्रॉनच्या कणाला? बारा-तेरा तास. तेही हवा अगदी निश्चल असेल तर. गाळ्यात पंखा फिरत असतो, माणसे हिंडत असतात, यंत्रांची हवा उसळत असते. तेव्हा हा कण खाली येतच नाही म्हटले तरी चालेल. तो ट्यूबलाइटवर जाऊन बसतो, नाहीतर कोणाच्या तरी श्वासात जातो.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मागाजवळ उडणारे कापसाचे तंतू अंगावर, भुवयांवर बसलेले दिसतात, म्हणून त्यांचा त्रास लोकांना पटतो. लाकडाच्या बाबतीत उलटे आहे. जो भुसा डोळ्यांना दिसतो, ज्याचे ढीग होतात, तो बराचसा निरुपद्रवी. जो दिसत नाही त्याची काळजी करायची.

म्हातारे मिस्त्री आमचे बोलणे ऐकत होते. चाळीस वर्षे सागवान आणि शिसवीवर हात चालवलेला माणूस. ते म्हणाले, "मास्तर, माझं नाक सोमवार ते शनिवार वाहतं. रविवारी मोकळं असतं. आम्ही म्हणायचो, रविवार मानवतो." आणि हसले. आम्हाला हसू आले नाही. सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे ही कामाच्या जागेमुळे होणाऱ्या त्रासाची फार जुनी खूण आहे.

लाकडाची धूळ नाकाला नुसती हुळहुळवते असे नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या आणि फर्निचर बनवणारे गाव. १९६० च्या दशकात तिथल्या भागात काम करणाऱ्या एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद बाईंच्या लक्षात आले, की नाकाच्या पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे फर्निचर कामगारांमध्ये पुन्हापुन्हा दिसतो आहे. डोनाल्ड अ‍ॅचिसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेली पाहणी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे इतर देशांतही तेच आढळले. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. याचा अर्थ प्रत्येक सुताराला तो होतो असा मुळीच नाही. हा रोग दुर्मीळच आहे, आणि बहुतेकदा अनेक वर्षांच्या कामानंतर होतो. दमा, सततची सर्दी आणि त्वचेची खाज हे त्रास त्याहून कितीतरी नेहमीचे. सागवान आणि शिसवी या दोन्हींच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते हे सुतारांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. एमडीएफच्या फळ्यांत तंतू चिकटवायला जो राळेसारखा पदार्थ वापरतात त्यात फॉर्माल्डिहाइड असते. २००४ पासून तेही त्याच पहिल्या गटात आहे.

मग हवेत किती धूळ चालेल? युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीसाठी २०२३ पासून घातलेली मर्यादा आहे घनमीटरला २ मिलिग्रॅम, आठ तासांची सरासरी. हा आकडा कानावरून जातो. म्हणून तो गाळ्यात बसवून पाहू. गाळा १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ५ मीटर उंच होता. घनफळ ४८० घनमीटर. गुणिले २ मिलिग्रॅम म्हणजे ९६० मिलिग्रॅम. जेमतेम एक ग्रॅम! दोन-तीन चिमटी मीठ साऱ्या गाळ्यात सारखे पसरले तर मर्यादा गाठली. सँडर एका दरवाजाच्या पृष्ठभागावरून जी भुकटी काढतो ती याच्या अनेक पटींनी असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: किती वॅट?

वॅट हा आकडा यंत्र विजेच्या बोर्डातून काय घेते ते सांगतो. भुशाला काय देते ते सांगत नाही. हवा ओढणाऱ्या यंत्राचे दोन गुण असतात. त्यांना आपण 'ओढ' आणि 'ओघ' म्हणू. ओढ म्हणजे दाबातला फरक. यंत्र पाण्याचा स्तंभ किती उंच चढवू शकते यावरून तो मोजतात. ओघ म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा आत जाते ते. खोक्यावर दोन्हींचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. पण सर्वाधिक ओढ मिळते ती नळीचे तोंड हाताने बंद केल्यावर, म्हणजे ओघ शून्य असताना. आणि सर्वाधिक ओघ मिळतो तो नळी काढून टाकल्यावर, म्हणजे ओढ जवळजवळ शून्य असताना. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

समजा यंत्रावर १४०० वॅट, २० किलोपास्कल आणि सेकंदाला ६० लिटर असे लिहिले आहे. २० किलोपास्कल म्हणजे पाण्याचा दोन मीटरचा स्तंभ. ओढ आणि ओघ यांचा आलेख सरळ रेषा धरला, तर हवेला मिळणारी शक्ती मधोमध सर्वांत जास्त असते: १० किलोपास्कल गुणिले ०.०३ घनमीटर म्हणजे ३०० वॅट. उरलेले ११०० वॅट? मोटरची उष्णता, पंख्यातले घर्षण आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दुसरे एखादे १२०० वॅटचे यंत्र चांगल्या पंख्यामुळे हवेला ३५० वॅट देऊ शकेल. दुकानदाराचा सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता.

हे दोन्ही गुण शाळेत मोजता येतात. ओढ मोजायची तर गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. एक टोक रंगीत पाण्याच्या बादलीत बुडवा. जिन्यावर अडीच-तीन मीटर उंच उभे राहून दुसरे टोक यंत्राच्या नळीत घाला आणि भोवतीची फट चिकणमातीने बुजवा. यंत्र चालू करताच पाणी नळीतून चढते आणि एका उंचीवर थांबते. आकडा लिहा आणि यंत्र लगेच बंद करा. हवा अडली की काही यंत्रांची मोटर तापते. (कितीही वॅटचे यंत्र आणले तरी पाणी साधारण दहा मीटरच्या वर का चढणार नाही, हा प्रश्न या ठिकाणी मुलांना जरूर विचारावा. टॉरिचेलीचा धडा इतका जिवंत एरवी होत नाही.)

ओघ मोजायला नवी गादी ज्यात गुंडाळून येते ती प्लास्टिकची मोठी पिशवी लागते. आमची पिशवी सपाट पसरल्यावर १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब होती. फुगवली की परीघ २ मीटर, म्हणजे व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर. टोके आवळली जातात, त्यामुळे घनफळ अंदाजे अर्धा घनमीटर, ५०० लिटर धरले. पिशवीच्या तोंडाशी आतून एक जाळीदार परडी ठेवायची, म्हणजे प्लास्टिक नळीला चिकटत नाही. मग फुगलेल्या पिशवीचे तोंड यंत्राच्या नळीभोवती रबरी पट्टीने बांधायचे, यंत्र चालू करायचे आणि पिशवी किती सेकंदांत चपटी होते ते घड्याळावर पाहायचे. १७ सेकंद लागले तर ओघ सेकंदाला सुमारे ३० लिटर. हा आकडा खोक्यावरच्या आकड्याहून खरा, कारण तो नळी आणि फिल्टर यांच्यासकटचा आहे.

आता हा ओघ पुरेसा आहे का ते नळीच्या व्यासावर ठरते. भुसा नळीतून वाहून न्यायचा तर हवेचा वेग सेकंदाला निदान २० मीटर हवा. त्याहून कमी झाला की जड कण नळीत बसू लागतात. ३५ मिलिमीटरच्या नळीत हा वेग मिळवायला सेकंदाला १९ लिटर पुरतात. म्हणून सँडर, राउटर, हातातला गोल कटर यांना व्हॅक्युम क्लीनरच्या जातीचे यंत्र ठीक. ओढ जास्त, ओघ कमी. पण रंध्याच्या यंत्राचे छिलपे बाहेर टाकणारे तोंड १०० मिलिमीटरचे असते. तिथे तोच २० मीटरचा वेग हवा असेल तर सेकंदाला १५७ लिटर हवा लागते, आठपट! आमच्या विद्यार्थ्याने मित्राचा व्हॅक्युम क्लीनर आणून तो रंध्याच्या यंत्राला जोडून पाहिला होता. पाच मिनिटांत तोंड छिलप्यांनी गच्च भरले. ३० लिटर हवा १०० मिलिमीटरच्या तोंडातून जेमतेम पावणेचार मीटर वेगाने जाते. तेवढ्याने छिलपा हलतो, उचलला जात नाही.

रंधा आणि मोठी करवत यांच्यासाठी वेगळ्या जातीचे यंत्र येते. त्याला बाजारात डस्ट कलेक्टर म्हणतात. मोठा पंखा, १०० मिलिमीटरचा पाइप आणि वर फुगणारी कापडी पिशवी. त्याचा ओघ भरपूर, ओढ मात्र जेमतेम दोन किलोपास्कल. म्हणजे त्याला बारीक नळी लावली तर ते काहीच ओढणार नाही. नळीतला अडथळा व्यासावर किती अवलंबून असतो याचे गणित मोठ्या मुलांना घालण्याजोगे आहे. तेवढाच ओघ अर्ध्या व्यासाच्या नळीतून न्यायचा तर वेग चौपट होतो, घर्षणाने होणारी दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात. सोळा गुणिले दोन, म्हणजे बत्तीसपट. थोडक्यात, एकच यंत्र दोन्ही कामांना पुरेल असे कोणी सांगितले तर त्याला हे बत्तीस विचारावे.

यापुढची गोष्ट पैशाची नाही, अंतराची आहे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून पाहा! फुंकलेली हवा झोत बनून सरळ जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. म्हणून नळीच्या तोंडापासून एका व्यासाएवढे दूर गेले की हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होतो. ३५ मिलिमीटरची नळी कामापासून चार बोटांवर धरली तर ती शोभेची. सँडरच्या तळाला भोके असतात ती यासाठीच. पॉलिश पेपरची भोके त्या भोकांवर नीट बसवून नळी थेट सँडरला जोडली तर बरीचशी धूळ हवेत उडण्याआधीच पकडली जाते. गाळ्यातला पेपर मात्र बिनभोकांचा, स्वस्त मिळतो म्हणून आणलेला. आपल्याकडे १९४८ साली झालेल्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ ओढण्याचे साधन धूळ जिथे निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे असे लिहिले गेले होते. कायदा लिहिणाऱ्यांना मेणबत्तीची गोष्ट कळलेली होती.

ओढलेली धूळ जाते कुठे, हा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षिलेला प्रश्न. घरगुती व्हॅक्युम क्लीनर जाड भुसा पोटात ठेवतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने जोरात बाहेर सोडतो. गाळा स्वच्छ दिसतो आणि हवा पहिल्यापेक्षा वाईट होते. युरोपात अशा यंत्रांचे एल, एम आणि एच असे तीन वर्ग केले आहेत. एल वर्गाच्या यंत्रातून शंभरात एक भाग धूळ निसटली तरी चालते, एम वर्गात हजारात एक, एच वर्गात वीस हजारांत एक. दिवसभरात समजा २०० ग्रॅम बारीक भुकटी ओढली. एल यंत्र त्यातली २ ग्रॅम परत हवेत सोडू शकते, आणि आपण वर पाहिले की सारा गाळा बिघडवायला एक ग्रॅम पुरतो. एम यंत्र सोडेल फार तर ०.२ ग्रॅम. ब्रिटनमध्ये लाकडाच्या धुळीला निदान एम वर्गाचे यंत्र वापरायला सांगतात ते याच हिशेबाने. एम यंत्रात आणखी एक सोय असते. नळीतला वेग २० मीटरच्या खाली गेला की ते इशारा देते.

फिल्टर म्हणजे चाळणी, असा आपला समज असतो. तो चाळणी नसतो. त्याच्या धाग्यांमधली अंतरे पकडलेल्या कणांहून बरीच मोठी असतात. मोठे कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि धाग्यावर आपटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि त्या भटकंतीत धाग्याला चिकटतात. सर्वांत कठीण असतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून हेपा फिल्टरची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतात: १०,००० पैकी ९,९९७ पकडले पाहिजेत. नुसते 'हेपा टाइप' असे छापले असेल तर ही परीक्षा झालीच असेल असे धरून चालू नये.

फिल्टर जितका बारीक तितका लवकर चोंदतो, आणि कोकणच्या पावसाळ्यात दमट भुशाने तर फारच लवकर. त्यावर उपाय सायक्लोन. शंकूच्या आकाराच्या डब्यात हवा कडेने शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीवर फेकले जाऊन खाली बादलीत पडतात. ५ सेंटिमीटर त्रिज्येवर १५ मीटर वेगाने फिरणाऱ्या हवेत कणांवरचे त्वरण गुरुत्वाच्या साडेचारशे पटींहून अधिक होते. लाकडाच्या गिरण्यांवर असे सायक्लोन फार पूर्वीपासून आहेत. जेम्स डायसन यांना पिशवीशिवायच्या व्हॅक्युम क्लीनरची कल्पना सुचली ती अशाच एका गिरणीवरचा सायक्लोन पाहून. बादलीवर बसणारा प्लास्टिकचा सायक्लोन आता सहज मिळतो आणि फिल्टरचे आयुष्य खूप वाढवतो. मात्र स्टोक्सचे गणित इथेही सोडत नाही. १ मायक्रॉनच्या कणाचा वेग साडेचारशेपट केला तरी तो सेकंदाला दीड सेंटिमीटरच होतो, आणि तेवढ्यात हवा बाहेर पडलेली असते. म्हणजे सायक्लोन फिल्टरला मदतनीस आहे, बदली कामगार नव्हे.

परदेशी पुस्तकांत न सापडणारी एक सवलत मात्र पूर्ण्याला आहे. थंड देशांत खोली तापवलेली असते, त्यामुळे ओढलेली हवा गाळून आतच सोडावी लागते आणि फिल्टरवर फार खर्च होतो. आपल्याला हवा बाहेर टाकायला कोणाची हरकत? शेजाऱ्याची, अर्थात. म्हणून डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी, जिच्यातून बारीक धूळ बरीच निसटते, ती गाळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या आडोशात बसवायची आणि पाइप भिंतीतून आत आणायचा असे ठरले. मागे कोणाचे गोदाम किंवा खिडकी नव्हती म्हणून हे जमले.

विजेचे दोन शब्द सांगायला हवेत. प्लास्टिकच्या नळीतून कोरडा भुसा वेगाने गेला की स्थितिक वीज साठते, हाताला झटका बसतो. नळी विद्युत्‌वाहक प्रकारची आणि प्लग अर्थिंगच्या तीन पिनांचा असावा. आणि लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या या यंत्राने कधीही ओढू नयेत. बारीक लाकडी धूळ हवेत मिसळली की भडका घेते, पिशवीत साठली की तासन्‌तास धुमसते. गोदामांच्या आगींच्या बातम्या भिवंडीत राहणाऱ्याला नव्याने सांगायला नकोत. पिशवी रोज संध्याकाळी बाहेर न्यायची, उद्यावर ठेवायची नाही.

शेवटी आमच्या विद्यार्थ्याने हातातल्या यंत्रांसाठी एम वर्गाचे १२०० वॅटचे यंत्र घेतले. दुकानातले सर्वांत कमी वॅटचे. सोबत सायक्लोनची बादली आणि भोके असलेले पेपर. डस्ट कलेक्टर दिवाळीनंतर, पैसे सुटले तेव्हा आला. कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल आणि कपडे झाडायची पद्धत बंद करायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. ती फुकट असते आणि तिने चटकन चकचकीत दिसते. सुक्या खराट्याचेही तेच. ओला भुसा पसरून मग झाडायचे, ही मिस्त्रींचीच जुनी रीत होती, मधल्या काळात विसरलेली. तोंडाला रुमाल बांधायची सवय त्यांनी सोडली आणि एन-९५ मास्क लावायला कुरकुरत का होईना सुरुवात केली. नाक डॉक्टरांनी तपासले. तूर्त सूज आहे, दर वर्षी दाखवा, असे सांगितले.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा गादीची पिशवी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती आणि शेजारी खडूने रकाने आखलेले होते: तारीख आणि सेकंद. १७, १८, १८, २१, २४. वर मोठ्या अक्षरात २६ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ३५ मिलिमीटरच्या नळीत २० मीटरचा वेग टिकायला पिशवी २६ सेकंदांच्या आत रिकामी व्हायला हवी, हे गणित त्याने स्वतः केले होते. "पण या मशीनमध्ये इशारा देणारा दिवा आहे ना?" आम्ही विचारले.

"आहे, सर. पण तो दिवा दिसतो मला एकट्याला. हा आकडा सगळ्यांना वाचता येतो." २४ च्या खाली कोणीतरी, बहुधा मिस्त्रींनी, पेन्सिलीने लिहिले होते: उद्या फिल्टर.